मुरमावरचं रान

(खिंडीतून दिसणारी कृष्णा. सकाळ.)

सांगली जिल्ह्यात ताकारीकडून देवराष्ट्र्याला निघालं की सागरेश्वरची खिंड लागते. वर कड्यावर उभं राहिलं की खाली कृष्णेची वळणं, आणि दोन्ही काठांना नजर पोचेल तिथवर ऊस. त्या हिरव्याचं श्रेय नदीला. या डोंगराला मात्र नदी कधी मिळाली नाही. इथं आहे तो मुरूम, वर वीतभर माती, आणि बेभरवशाचा पाऊस.

(पाणवठ्यावर चितळांचा कळप.)

तरीही हे रान उभं आहे, आणि ते माणसांनी उभं केलंय. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हा डोंगर उघडाबोडका होता. मोहित्यांचे वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्याचा ध्यास घेतला. गावं सोबत आली, वनखातं आलं. 1985 साली सागरेश्वर अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र 10.87 चौरस किलोमीटर. चितळ, सांबर, काळवीट बाहेरून आणून सोडले.

(कुंपण. आतली झाडी, बाहेरचा माळ.)

कुंपणाच्या अलीकडचं आणि पलीकडचं नीट बघा. माती एकच, पाऊस एकच. कुऱ्हाड आणि चराई थांबली की जमिनीत दडलेले जुने खुंट फुटतात. खैर, बोर, हिवर. शेळ्या वर्षानुवर्षं शेंडे खुडत असतात, तोवर मूळ खाली जीव धरून असतं. म्हणून रोपांचा आकडा सांगून या डोंगराचं काम कळत नाही. राखण किती वर्षं केली, ते विचारावं.

हरणं कुंपणाबाहेर पडून शाळूत, उसात शिरतात आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं, हेही खरं.

(सागरेश्वराची देवळं. श्रावणी सोमवारची रांग.)

देवाला येणारी माणसं आता सावलीतून चालतात.

(पायथ्याचा माळ. नवी लागवड. हातांचा जवळून शॉट.)

पायथ्याला यंदा नवी लागवड चाललीय. चर उताराला आडवा, एका पातळीत. पातळी जरा चुकली तरी पाणी एका टोकाला साचतं, भराव फोडतं आणि खालची आळी वाहून नेतं.

आता रोप लावणाऱ्या मावशींचे हात बघा. रोपाची पिशवी फाडण्याआधी त्यांनी तळ कापला. पिशवीच्या बुडाला मूळ गोल गोल वळलेलं असतं. ते तसंच मातीत गेलं तर तिथंच गुंडाळत राहतं, खोल उतरत नाही, आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात वाढलेलं झाडही वाळून जातं. म्हणून वळलेलं मूळ छाटायचं, पण मातीचा गड्डा फुटू द्यायचा नाही. पिशवी मग कमरेच्या ओच्यात. रानात प्लास्टिक टाकायचं नाही, हा त्यांचाच नेम.

रोप खड्ड्यात. भोवती माती. आणि टाचेनं दाब, कारण पोकळी राहिली तर मूळ सुकतं.

मावशी पुढच्या खड्ड्याशी वाकल्या.