गर्दीत मिसळणारा ब्राउझर

मंडळी, पडद्यावर दिसतेय ती 'कव्हर युअर ट्रॅक्स' ही चाचणी : इंटरनेटवर आपला माग काढणाऱ्यांपासून ब्राउझर आपल्याला किती वाचवतो, ते ती तपासते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने ती २०१० मध्ये 'पॅनॉप्टिक्लिक' नावाने सुरू केली, २०२० मध्ये नाव बदललं.

मी फायरफॉक्सवर आलो, माग रोखण्याची सेटिंग सगळ्यात कडक केली आणि त्याच रात्री हे बटण दाबलं. जाहिरातींचे ट्रॅकर अडवले, अदृश्य ट्रॅकर अडवले, जीव निवला. पण खाली लिहिलं होतं : गेल्या ४५ दिवसांत तपासलेल्या ब्राउझरांत तुमच्यासारखा दुसरा नाही. मन खट्टू झालं. एवढा खटाटोप केला तो कशासाठी?

नंतर उलगडलं, की इथे दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात : कुकीसारख्या साधनांनी माग काढणारे ट्रॅकर अडतात का, आणि ब्राउझरचा ठसा, म्हणजे त्याच्या तपशिलांवरून पटणारी ओळख, किती वेगळा आहे. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या यंत्रात ठेवलेली चिठ्ठी. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी ती आणली. चिठ्ठी पुसता येते. फायरफॉक्स तर २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात ठेवतो, एकाची दुसऱ्याला दिसत नाही. ठशाचं तसं नाही. तो आपल्याकडे साठवलेलाच नसतो, तर पुसणार काय? पडद्याची रुंदी, फॉन्ट, घड्याळ, चित्र रंगवण्याची यंत्राची लकब, हे सगळं जुळवून समोरचा तो दर वेळी नव्याने घेतो. पॅनॉप्टिक्लिकने ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के एकमेव निघाले. तिथे येणारे मुळातच जागरूक लोक होते, हेही लक्षात ठेवा.

आता या तक्त्यातली भाषेची ओळ बघा. साडेपाच तास पुढचं घड्याळ साऱ्या भारताचं, त्यात मी सहज मिसळतो. पण मी पसंतीच्या भाषांत मराठी पहिली ठेवली आहे, आणि ब्राउझर ते प्रत्येक संकेतस्थळाला कळवतो. इथे गर्दी एकदम विरळ होते. ओळख लपवण्यासाठीच बनवलेला टॉर ब्राउझर इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत वापरला, तर तो विचारतो : पानं इंग्रजीत मागवू का, ओळख लपेल? सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तरी मला तो फार लागतो. स्वतःला जपायचं म्हणून मी माझी भाषा का लपवावी? मी मराठीच ठेवली आहे. जितके जास्त जण ठेवतील, तितकी ती ओळ कमी वेगळी दिसेल.

ब्रेव्ह या ब्राउझरचा मार्ग निराळा : तो ठशातले काही तपशील दर वेळी किंचित हलवतो, म्हणून त्याचा निकाल वेगळा येतो. मात्र घाबरून ब्राउझरवर दहा एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्राम, चढवू नका. त्यांतली काही आपल्या खुणा पानावर सोडतात, आणि ठसा आणखी वेगळा होतो.

आता फोन काढा. आधी रोजच्या ब्राउझरवर चाचणी घ्या, मग नव्या ब्राउझरवर, आणि भाषेची ओळ वाचायला विसरू नका. कुणाच्या ओळीत मराठी दिसतेय? हात वर करा.