क्रिस्टल थरथरतो म्हणजे नेमकं काय थरथरतं?

नमस्कार मंडळी! आधी ही बरणी बघा. मागच्या व्हिडिओत मोठ्या तोंडाने म्हणाले होते की तुरटीचा क्रिस्टल वाढवून दाखवते. नऊ दिवस झाले. दोऱ्यावर आलाय साबुदाण्याएवढा दाणा, आणि तळाला बघा, खड्यांची नुसती जत्रा! प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. मला हवा होता एकच मोठा, मिळाले सत्तर भांडकुदळ. असो, ह्या फजितीचा उपयोग पुढे होणार आहे.

आजचा विषय कमेंट्समुळे. गेले दोन महिने एकच प्रश्न येतोय : "ताई, माझ्या ब्रेसलेटमधल्या क्रिस्टलला खरंच व्हायब्रेशन्स असतात का?" हो, असतात. तुमच्या चमच्याला असतात, आजीच्या वरवंट्यालाही असतात. ह्या बाबतीत ब्रेसलेट आणि वरवंटा एकाच पंगतीत! निरपेक्ष शून्य तापमानापर्यंत, म्हणजे ज्याखाली गार होताच येत नाही तिथपर्यंत, गार केलं तरी ही कंपनं पूर्ण थांबत नाहीत. त्याने नोकरीचं काम होतं का, हे मला विचारू नका. थरथरतं नेमकं काय, ते विचारा, कारण तिथेच पाठ्यपुस्तकवालेसुद्धा घोळ घालतात.

क्रिस्टल म्हणजे शिस्तीत लागलेल्या अणूंच्या रांगा. तो कसा वाढवतात ते भराभर सांगते. क्वार्ट्झच्या मुशीत शुद्ध सिलिकॉन, 1414 अंश सेल्सियसला वितळलेलं, भोवती आरगॉन वायू. वरून सिलिकॉनच्याच क्रिस्टलची एक कांडी खाली आणायची, टोक रसात टेकवायचं आणि फिरवत फिरवत सावकाश वर ओढायचं. किती सावकाश? मिनिटाला साधारण एक मिलिमीटर. रसातले अणू कांडीतल्या अणूंची रांग बघून तशीच रांग लावतात. पद्धत चोखराल्स्की ह्या पोलिश माणसाची. 1916 साली बर्लिनमध्ये त्याने चुकून टाक शाईच्या दौतीऐवजी वितळलेल्या कथलात बुडवला आणि वर काढला तर बारीक तार लोंबत होती, असा किस्सा सांगतात. ती तार एकसंध क्रिस्टल निघाली. आम्ही असा टाक बुडवला असता तर घरच्यांनी टाळकं शेकलं असतं.

एक जागा मात्र घाईत सोडवत नाही. कांडी रसात टेकली की गरम-थंडाच्या धक्क्याने अणूंच्या रांगा मोडतात. म्हणून आधी पेन्सिलीहून बारीक, तीन-चार मिलिमीटरची मान ओढतात. एवढ्या अरुंद मानेत मोडलेल्या रांगा तिरक्या सरकत कडेला येतात आणि पृष्ठभागावर संपतात. त्यानंतर खांदे रुंद करायचे. पुढे शंभर किलोहून जड ठोकळा त्या मानेवर लटकतो! ही युक्ती विल्यम डॅशची, 1950च्या दशकाच्या अखेरची. माझ्या बरणीला मानही नव्हती आणि शिस्तही नव्हती.

आता मुद्दा. "प्रत्येक अणू आपापल्या जागी थरथरतो." हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. चूक आहे असं नाही, पण अर्धं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गंमत आहे. सिलिकॉनमध्ये दोन शेजारी अणूंत 0.235 नॅनोमीटर अंतर असतं. खोलीच्या तापमानाला अणू त्याच्या साधारण तीन टक्के इकडेतिकडे हलतो. पण शेजाऱ्याला ढकलल्याशिवाय तो हलणार कसा?

सकाळची ८:१२ची फास्ट डोळ्यांपुढे आणा. दादर आलं, आतून कोणीतरी रेटा दिला. तुम्ही दोन इंच पुढे, दोन इंच मागे. रेटा मात्र डब्याच्या ह्या टोकापासून दारापर्यंत पोचला. तो रेटा कोणाचा? कोणा एकाचा नाही, अख्ख्या डब्याचा. क्रिस्टलमधल्या अशा सामूहिक लाटेच्या ऊर्जेचा सुटा हप्ता म्हणजे फोनॉन. "फोनॉन कुठल्या अणूत बसतो?" असं एकाने चार वेळा विचारलंय. दादा, रेटा कुठल्या प्रवाशाच्या खिशात असतो?

पटलं नाही? मग दुसऱ्या बाजूने. आत्याच्या हिऱ्याच्या कुड्या तपासायला सराफाकडे गेले होते. त्याने पेनासारखं यंत्र खड्याला टेकवलं, टीं टीं वाजलं. म्हणतो, "बघा, हिऱ्यातून करंट जातो." आत्याने मान डोलावली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. इथे बोलते. साध्या हिऱ्यातून वीज जात नाही! त्या पेनाचं टोक गरम असतं आणि हिरा त्याची उष्णता झटकन ओढून घेतो. तांब्याच्या पाचपट चांगला उष्णतावाहक आहे हिरा. तांब्यात उष्णता वाहून नेणारे मोकळे इलेक्ट्रॉन आहेत, हिऱ्यात ते नाहीत. मग नेतं कोण? हीच लाट. हलके अणू, घट्ट बंध, सरळ रांगा, त्यामुळे रेटा सुसाट जातो. अणू एकेकटे थरथरत बसले असते तर त्या यंत्राचा आवाज निघाला नसता. आणि हो, मॉइसनाइटचा, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच पदार्थाचा, खडासुद्धा साध्या यंत्राला चकवतो, तेव्हा टीं ऐकून पैसे मोजू नका.

तिसरी बाजू, माझी सगळ्यात लाडकी. नैसर्गिक हिऱ्यात शंभरातला जेमतेम एक अणू कार्बन-13चा असतो, बाकी कार्बन-12. रसायन तेच, बंध तेच, फक्त तो एक थोडा जड. तेही काढून टाकून जवळजवळ निव्वळ कार्बन-12चा हिरा वाढवला, तर खोलीच्या तापमानाला त्याची उष्णतावाहकता सुमारे दीडपट झाली! 1990च्या सुमाराची गोष्ट. एक टक्का अणूंनी एवढा फरक? प्रत्येकाची थरथर खाजगी असती तर काय फरक पडला असता? डब्यात शंभरातला एक जण अवजड बॅग घेऊन उभा राहिला की रेटा विस्कटतो. तसंच.

आता माझी फजिती क्रमांक दोन. एमएस्सीच्या प्रोजेक्टला रामन स्पेक्ट्रम घेत होते, म्हणजे पदार्थावर लेसर टाकून, विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किती बदलला त्यावरून आतली कंपनं मोजत होते. सिलिकॉनवर लेसर टाकला की आलेखावर 520च्या आसपास (एकक : प्रति सेंटीमीटर) एक टोकदार शिखर येतं, म्हणजे सेकंदाला सुमारे 15.6 लाख कोटी कंपनं. इतकं भरवशाचं, की यंत्र लावताना आधी वेफरचा, म्हणजे सिलिकॉनच्या एकसंध क्रिस्टलच्या चकतीचा, तुकडा ठेवून 520 जुळवतात. माझ्या सिलिकॉनच्या पावडरीला आलं 512, तेही पसरट. रात्रभर झोप नाही, नवीन काहीतरी सापडलं म्हणून! सकाळी सरांनी आलेख पाहिला आणि लेसरची ताकद दहापट कमी केली. शिखर गुपचूप 520वर. "भाजलीस तू पावडर," एवढंच म्हणाले.

झालं असं की तापल्यावर अणू जरा लांब सरकतात, मधले स्प्रिंगसारखे बंध सैलावतात, कंपनं मंदावतात. पण त्याच लेसरखाली वेफर का नाही तापला? त्यात लाट दूरवर पळून जाते. पावडरीत प्रत्येक कण म्हणजे वेगळा डबा, दारं बंद, रेटा तिथल्या तिथे.

"मग ही उष्णता चिपमधून..." हो, पुढच्या वेळी, नक्की. आणि "ताई, तुरटीच्या खड्याचं रामन घ्या" म्हणणाऱ्या दादांसाठी : घेते, पण आधी दोऱ्यावरचा साबुदाणा वाढू दे. तळाच्या सत्तर खड्यांना आज गाळून काढते आणि पाणी परत चढवते.