चाफेकळी नाक आणि मोकळा श्वास

श्रोतेहो, नमस्कार. आज नाकाच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलू या, श्वासासाठी केलेल्या आणि आकारासाठी केलेल्याही.

ऐकता ऐकता एक करा. तर्जनी दोन भुवयांच्या मध्ये ठेवा आणि नाकावरून हळूहळू खाली आणा. आधी टणक हाड लागेल. साधारण एक तृतीयांश अंतर उतरलं की बोटाखालचं नाक थोडं दबायला लागतं. तिथे हाड संपलं आणि कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग, सुरू झाली. शेंडा तर बोटाने हवा तसा वळतो. म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या नाकाचा बराचसा भाग हाडाचा नाहीच.

तरीही आपल्याकडे म्हणतात, ‘नाकाचं हाड वाढलंय.’ बहुतेक वेळा काहीही वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा, जो पुढे कूर्चेचा आणि मागे पातळ हाडाचा असतो, तो एका बाजूला वाकलेला असतो. थोडाफार वाकडा पडदा बहुतेकांना असतो आणि त्याचा काही त्रासही नसतो. म्हणून निव्वळ स्कॅनमध्ये वाकडा दिसला, एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. नाक चोंदतं का, कोणत्या बाजूने, कायम की अधूनमधून, हे आधी पाहावं लागतं.

नाक चोंदायची कारणंही एकाहून अधिक असतात. तपासताना डॉक्टर नाकात सूज उतरवणारं औषध मारतात आणि थोड्या वेळाने पुन्हा बघतात. नाक मोकळं झालं, तर दोष मुख्यतः आतल्या अस्तराच्या सुजेचा, म्हणजे अ‍ॅलर्जी किंवा टर्बिनेट नावाच्या मांसल वळ्यांचा. काहीच फरक पडला नाही, तर अडथळा हाडाचा किंवा कूर्चेचा असण्याची शक्यता जास्त. पण हा प्रयोग घरी रोज करू नका. असे थेंब पाच-सात दिवसांहून जास्त घातले तर औषध उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदतं आणि मग बाटली सुटत नाही.

आता गालावर, नाकपुडीच्या शेजारी बोटं ठेवा, गाल बाहेरच्या बाजूला हलकेच ओढा आणि श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं? तसं असेल तर तुमच्या नाकाच्या झडपेकडे पाहायला हवं. पडदा आणि बाजूची वरची कूर्चा जिथे भेटतात, तिथे साधारण १० ते १५ अंशांचा अरुंद कोन असतो. हीच ती झडप, नाकातली सगळ्यात निमुळती जागा. इथे एखादा मिलिमीटर कमी-जास्त झाला तरी श्वासात फरक जाणवतो. अर्थात ही खूण ढोबळ आहे. निरोगी नाकातही गाल ओढल्यावर थोडं बरं वाटतंच.

‘नाक जरा बारीक करून द्या’ म्हणणाऱ्याने ही झडप नीट समजून घ्यावी, कारण आकार आणि श्वास यांची गाठ इथेच पडते. नाकावरचा उंचवटा तासला की बाजूच्या कूर्चांचा वरचा आधार सुटतो. त्या तशाच सोडल्या तर हळूहळू आत ढासळतात, कोन मिटतो, आणि आरशात छान दिसणाऱ्या नाकातून हवा जाईनाशी होते. हे लक्षात यायला कधी कधी काही वर्षंही लागतात. ते टाळण्यासाठी पडद्यातूनच काढलेल्या कूर्चेच्या काडेपेटीतल्या काडीसारख्या पट्ट्या दोन्ही बाजूंना पडदा आणि कूर्चा यांच्यामध्ये शिवतात. त्यांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. उंचवटा काढायचा असेल तर सर्जनला एवढं तरी विचाराच : झडपेला आधार कसा देणार?

नुसता पडदा सरळ करायचा असेल, तर चीर नाकाच्या आत असते. अस्तर अलगद सोडवून वाकडा भाग काढतात किंवा सरळ करून बसवतात. मात्र पुढच्या आणि वरच्या कडेने किमान एक सेंटिमीटर रुंदीची कूर्चा, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची, राखावीच लागते. ती गेली तर नाकाचा कणा बसतो आणि मध्ये घोड्याच्या खोगिरासारखा खळगा पडतो. आकारही बदलायचा असेल तेव्हा सगळ्या चिरा आतूनच घेतात किंवा दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर एक छोटी चीर देऊन त्वचा वर उचलतात. शेंड्याचं अवघड काम या दुसऱ्या पद्धतीत स्पष्ट दिसतं, आणि बाहेरचा व्रण बहुधा शोधावा लागतो. पूर्ण भूल देऊन केलेल्या अशा शस्त्रक्रियेला साधारण दोन-तीन तास लागतात. नाकाला आधार द्यायला बरगडीची कूर्चा घ्यायची तर त्याहून जास्त.

आधीची तयारी म्हणजे, घेत असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा, ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या गोळ्यांसकट. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पण हृदयविकारासाठी चालू असलेलं रक्त पातळ करणारं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. तंबाखू किमान चार आठवडे आधी सोडा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

पहिला आठवडा दुखण्यापेक्षा चोंदलेपणाचा असतो. तोंडाने श्वास, कोरडा घसा, जड डोकं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, डोळ्यांभोवती काळंनिळं होतं, ते दहा-चौदा दिवसांत ओसरतं. झोपताना डोकं उंच ठेवा. नाक शिंकरू नका. शिंक आलीच तर तोंड उघडून येऊ द्या. मिठाच्या पाण्याचा फवारा सांगितल्याप्रमाणे मारा, खपल्या बोटाने उपसू नका. बाहेरचं प्लास्टर आणि टाके साधारण आठवड्याने निघतात. हाडाला हात लावला असेल, तर चष्मा चार-सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही. शेंडा किंवा वरचे पुढचे दात काही आठवडे बधिर वाटले तर घाबरू नका.

एका गोष्टीत मात्र थांबून चालत नाही. दोन्ही नाकपुड्या अचानक गच्च, ठणका वाढत चाललेला, सोबत ताप : पडद्याच्या अस्तराखाली रक्त साकळलेलं असू शकतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते या अस्तराकडूनच. मध्ये रक्ताचा थर साचला की ती उपाशी पडते, जंतुसंसर्ग झाला तर काही दिवसांत विरघळते आणि नाक बसतं. त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन ते रक्त काढून घ्यावं लागतं. नाकाला जोराचा मार लागलेल्या मुलांनाही हेच लागू आहे. घोळणा फुटल्यासारखं रक्त आलं तर पुढे वाकून बसा, रक्त गिळू नका. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही किंवा धार लागली तर थेट रुग्णालय गाठा.

अपेक्षांबद्दल स्पष्ट बोलायचं तर पडदा सरळ झाला म्हणून अ‍ॅलर्जी जात नाही; शिंका आणि अ‍ॅलर्जीचा फवारा चालूच राहतात. घोरणंही थांबेलच असं नाही. प्लास्टर निघाल्या दिवशी आरशात दिसतं ते सुजलेलं नाक, शेवटचं नाही. शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागतं, जाड त्वचेला त्याहूनही जास्त. पातळ त्वचेचं उलटं : सूज लवकर जाते, पण आतली बारीकशी उंचसखल जागाही वरून दिसते. संगणकावर दाखवलेलं चित्र बोलणं सोपं व्हावं म्हणून असतं, ती हमी नव्हे. आणि सेल्फीवरून तर नाकाचा निकाल लावूच नका. हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्यात नाक असतं त्याहून मोठं दिसतं.

काहींना दुसरी शस्त्रक्रिया लागते, पण ती सहसा वर्षभर थांबून, सूज पूर्ण उतरल्यावरच. तेव्हा पडद्यातली कूर्चा बहुधा वापरून झालेली असते आणि कान किंवा बरगडीकडे वळावं लागतं. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणं मागून घ्या आणि जपून ठेवा. काय काढलं, काय ठेवलं, कुठे काय शिवलं, हे दुसऱ्या सर्जनला चीर देण्याआधी माहीत असावं लागतं.

नमस्कार.