‘फाइन’ म्हणजे छान, बारीक की दंड? एका शब्दाच्या पोटात काय काय दडलंय

नमस्कार मंडळी! ‘हाऊ आर यू?’ असं कुणी विचारलं की आपल्या तोंडून आपोआप येतं, ‘आय ॲम फाइन.’ आता हाच शब्द पावतीवर बघा. तिथे फाइन म्हणजे दंड. वाळूच्या पोत्यावर ‘फाइन’ लिहिलेलं असेल तर ती वाळू बारीक. आणि ‘फाइन आर्ट्स’ म्हणजे ललित कला. छान, दंड, बारीक, ललित... या चौघांचा एकमेकांशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो एकदा कळला की अर्थ पाठ करत बसावं लागत नाही.

लॅटिनमध्ये ‘फिनिस’ असा शब्द आहे. अर्थ शेवट, किंवा सीमा. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. एखादी वस्तू घडवून शेवटाला नेली, आता तिच्यात काही करायचं उरलं नाही, म्हणजे ती उत्तम झाली. हा झाला पहिला ‘फाइन’. उत्तम कारागिरी म्हणजे नाजूक, रेखीव काम. तिथून अर्थ सरकला बारीक, तलम, सूक्ष्म याकडे.

मग दंड कुठून आला? त्याच ‘शेवटा’तून. वाद मिटवण्यासाठी, म्हणजे प्रकरणाचा शेवट करण्यासाठी जी रक्कम भरायची, ती फाइन. पैसे भरा, विषय संपला. शब्दकोशात ‘छान’वाला फाइन आणि ‘दंड’वाला फाइन अशा दोन वेगळ्या नोंदी सापडतात, पण मूळ एकच. ‘फायनान्स’सुद्धा याच घरातला, कारण त्याच्या मुळाशी देणं फेडून मोकळं होणं आहे. ‘फिनिश’, ‘फायनल’ तर उघडच आहेत. ‘डिफाइन’ म्हणजे अर्थाला सीमा घालणं, ‘कन्फाइन’ म्हणजे सीमेत कोंडणं. पाश्चात्त्य संगीताच्या लिखित स्वरलिपीत तर ‘फाइन’च्या इंग्रजी स्पेलिंगची हीच चार अक्षरं, f-i-n-e, छापलेली दिसतात. इटालियन असल्यामुळे तिथे उच्चार ‘फीने’, आणि अर्थ थेट ‘इथे संपवा’.

(तसं आपला ‘दंड’ तरी कुठे साधा आहे! काठी, बाहू, जोर-बैठकांतला दंड आणि भरायचा दंड. असो.)

आता समानार्थी शब्द. माझी तक्रार आहे ती इथेच. शोधायला गेलात की एका ओळीत यादी मिळते: गुड, एक्सलंट, थिन, डेलिकेट, सटल, पेनल्टी. जणू कुठलाही उचला, चालेल! अजिबात चालत नाही. आधी अर्थ ठरवायचा, मग शब्द.

‘थिन’च घ्या. कागद थिन असतो, भिंत थिन असते. दोन पृष्ठभागांमधलं अंतर कमी. पण वाळू, पीठ, धूळ यांना थिन म्हणत नाहीत. कण बारीक असतील तर फाइनच. हवेच्या प्रदूषणाबद्दल पीएम २.५ ऐकता ना? २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे ते कण, त्यांना इंग्रजीत ‘फाइन पार्टिकल्स’ म्हणतात. यात छान काहीच नाही. ‘फाइन प्रिंट’मध्येही छपाई सुंदर आहे असं नाही, अक्षर बारीक आहे; करारातल्या अटी तिथेच लपतात.

फरक बारकाव्याचा असेल, जसं ‘अ फाइन डिस्टिंक्शन’, तर तिथे ‘सटल’ बसतो. सोन्याच्या बाबतीत अर्थ ‘शुद्ध’. ९१६ हा आकडा म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, २२ कॅरेट. या मोजमापाचं नावच ‘फाइननेस’. इथे पर्याय हवा तर ‘प्युअर’. क्रिकेटमधला ‘फाइन लेग’ तुम्हाला माहीत आहेच: फलंदाजाच्या मागे, लेग बाजूला, खेळपट्टीच्या सरळ रेषेच्या जवळ. त्या रेषेपासून दूर काटकोनाकडे गेलं की ‘स्क्वेअर’.

‘पेनल्टी’ आणि ‘फाइन’? पेनल्टी व्यापक आहे. गुण कापले, बाहेर बसवलं, तरी पेनल्टी. फाइन मात्र पैशातच. आणि तो क्रियापदही होतो: ‘ही वॉज फाइन्ड फॉर स्पीडिंग’, वेगात गाडी चालवल्याबद्दल त्याला दंड झाला.

आता खरी गंमत ‘ठीक’ या अर्थाची. ‘अ फाइन परफॉर्मन्स’ म्हटलं तर ती भरभरून दाद आहे. पण ‘कसा होता कार्यक्रम?’ यावर नुसतं ‘इट वॉज फाइन’ म्हणालात, तर समोरच्याला ऐकू येतं: ठीकठाक, विशेष काही नाही. नामाच्या आधी आला की वजनदार, वाक्याच्या शेवटी एकटा आला की बहुतेक वेळा कोमट. एखाद्याचं काम खरंच आवडलं असेल तर तिथे ‘एक्सलंट’ म्हणा, ‘फाइन’वर भागवू नका.

‘आय ॲम व्हेरी फाइन’ हेही टाळा. तब्येत ठीक आहे या अर्थी ‘व्हेरी’ जमत नाही. जोर द्यायचा तर ‘ॲब्सोल्यूटली फाइन’ किंवा ‘जस्ट फाइन’. किंवा सरळ ‘व्हेरी वेल’ म्हणा. मात्र ‘व्हेरी फाइन पावडर’ अगदी बरोबर, कारण तिथे बारीकपणा कमी-जास्त होऊ शकतो.

आणखी एक. कुणी विचारलं, ‘आणखी थोडं घेणार?’ आणि तुम्ही म्हणालात ‘आय ॲम फाइन’, तर त्याचा अर्थ ‘नको, पुरे’ असा घेतला जातो. हवं असेल तर ‘यस, प्लीज’ म्हणा, नाहीतर उपाशी राहाल.

राहिला तो वादातला ‘फाइन!’ एकच शब्द, तुटक, पुढे काही नाही. आपण ‘बरं!’ म्हणून तोंड फिरवतो ना, अगदी तसा. याला कोशात ‘ओके’ हा समानार्थी शब्द दिलेला असेलही. त्यावर विसंबून ‘चला, मिटलं’ असं समजू नका.

पुढच्या व्हिडिओत कुठला शब्द घेऊ ते कॉमेंटमध्ये लिहा. भेटू!