केबिनच्या फोनला कुलूप नसतं

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहेत त्यांच्यासाठी डाव्या हाताला अजून दोन खुर्च्या दिसतायत.

आजच्या व्याख्यानाची पत्रिका तुम्हा सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आली. मलाही आली. बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. पाठवणारे आपले कार्यवाह बँकेत नोकरीला आहेत. (हशा) नाही, रजा नव्हती, मी विचारलं. आणि लगेच त्या पत्रिकेखाली जे अंगठे उमटले, त्यांत ओळखीचे दोन सरकारी नोकर, एका शाळेतल्या बाई आणि माझा सख्खा भाचा होता. हा भाचा ऐरोलीला एका कंपनीत आहे. कामाच्या वेळात मामाचा फोन उचलायला त्याला मान वर करायची फुरसत नसते. तेव्हा नोकरीच्या जागी सोशल मीडिया चालू द्यावा का, हा प्रश्न इथे बसलेल्या कुणालाच परका नाही.

मी पर्सोनेलचा माणूस. आता त्याला एचआर म्हणतात. खुर्च्या मऊ झाल्या, काम तेच: मस्टर, लेट मार्क, मेमो, आणि मेमो घेतलेल्या माणसाची समजूत. नोकरीची सुरुवात वागळे इस्टेटमध्ये, शेवट महापेला. जुन्या ठाणेकरांना आठवत असेल, आधी महापे-तुर्भ्याला जायचं म्हणजे ठाणे-बेलापूर रोडवर बसच्या दांड्याला लोंबकळत जायचं. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. आणि गंमत बघा, ऑर्कुट त्याच वर्षी निघालं, फेसबुकही त्याच वर्षी. आपल्यापर्यंत यायला त्याला जरा वेळ लागला इतकंच. म्हणजे माणूस ऑफिसात वेळेवर पोचायला लागला, आणि पोचल्या पोचल्या तिथून पसार व्हायचीही सोय झाली.

आता लोकलचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. सोशल नेटवर्क म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला झुकरबर्गने शिकवलेलं नाही. ठरलेला डबा, ठरलेला दरवाजा, ठरलेला ग्रुप. भजन, पत्ते, भिशी, बायकांच्या डब्यात हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याला तोरण. मुलींची लग्नं जमली आहेत त्या ग्रुपांतून, नोकऱ्या लागल्या आहेत. पण स्टेशन आलं की ग्रुप मोडायचा. कितीही रंगात आलेला डाव असो, भायखळा आलं की पत्ते खिशात. खिशातल्या ग्रुपला स्टेशन येत नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. त्यावर मी नंतर येतो. आलो नाही तर आठवण करा.

आधी माझी आवडती गोष्ट. काहींनी ती ऐकलेली आहे. त्यांनी पहिल्यांदा ऐकतोय असं तोंड करावं.

वागळे इस्टेटमधल्या माझ्या पहिल्या कंपनीत, नाव घेत नाही, ऑफिसच्या हॉलमध्ये एक काळा फोन होता. गोल डायलचा. बिल फार येतं म्हणून साहेबांनी त्या डायलच्या भोकात एक बारकं पितळी कुलूप अडकवलं. डायल फिरतच नाही, मग नंबर लागणार कसा? आलेला फोन घेता यायचा, आपण करायचा तर किल्ली हेडक्लार्ककडे. हेडक्लार्कबाबा किल्ली जानव्याला बांधायचे. किल्ली मागायची म्हणजे कारण सांगायचं, आणि कारण सांगायचं म्हणजे सगळ्या हॉलला कळणार की तुमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.

महिना संपला, बिल आलं. कमी झालंय का? तसूभरही नाही! थोडं वाढलंच होतं. साहेबांनी किल्ली तपासली, कुलूप तपासलं, टेलिफोन खात्यावर संशय घेतला. एक तक्रारपत्र मीच टाइप करून घेतलं.

प्रकार असा होता, की आमच्या डिस्पॅचमध्ये एक गृहस्थ होते. त्यांचंही नाव घेत नाही, नातवंडं इथे बसलेली असू शकतात. ते तबला वाजवायचे. आता जुन्या डायलची यंत्रणा काय होती? तुम्ही पाच फिरवला की परत येताना डायल लाइन पाचदा तोडायचं. बस, एवढंच. एक्सचेंजला फक्त तुटलेली लाइन मोजता येते; डायलने तोडली की बोटाने, हे त्याला कळत नाही. रिसीव्हर ज्या खुंट्यांवर ठेवतात त्या खुंट्या पटापट दाबल्या, तरी लाइन तशीच तुटते. पाच हवे असतील तर पाच ठोके, मध्ये दम, मग पुढचा आकडा. शून्याला दहा ठोके. लय जरा चुकली की भलत्याच घरी फोन. तुम्हाआम्हाला जमणार नाही. पण हा माणूस तीनतालात वाढलेला! कुलूप जागच्या जागी, आणि हे खुंट्यांवर बोटं नाचवतायत. दुपारी जेवणानंतर रांग लागायची. कुणाला केईएमला, कुणाला दहावीच्या निकालासाठी, एकाला रोज कसोटीचा स्कोअर. मोबदला म्हणून एक कटिंग. नऊ आणि शून्य जास्त असलेल्या नंबराला कटिंगबरोबर बिस्किट.

तोवर साहेबांना दुसरी कल्पना सुचली. मेंटेनन्सच्या सुताराकडून त्यांनी फोनवर बसेल अशी लाकडी पेटी करून घेतली आणि पेटीला कुलूप. खुंट्याही बंद, डायलही बंद. फक्त आत घंटी वाजलेली हॉलच्या टोकाला ऐकूच जाईना. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने दोन दिवस फोन केले, कुणी उचलला नाही, ऑर्डर भोसरीच्या पार्टीकडे गेली. (हशा) हसू नका, त्या ऑर्डरवर आमचा दिवाळीचा बोनस होता.

पुढे जनरल मॅनेजर बदलले. नव्या माणसाने पेटी काढली, कुलूप काढलं आणि तो फोन उचलून हॉलच्या मधोमध टेबलावर ठेवला. कुणीही करा म्हणाले. चाळीस माणसांच्या मधोमध उभं राहून बायकोशी किती वेळ बोलणार तुम्ही? अर्ध्या मिनिटात ‘बरं, घरी आल्यावर बोलू’. बिल उतरलं.

ही गोष्ट मी एचआरच्या पोरांना सांगायचो तेव्हा ती म्हणायची, सर, म्हणजे विश्वास टाकला की माणसं सुधारतात. अरे कसली सुधारतात! गोष्टीतली जी बाब माझ्या डोक्यात इतकी वर्षं बसलीय ती निराळीच. त्या सगळ्या काळात साहेबांच्या केबिनमध्ये दुसरा फोन होता. त्याला कुलूप नव्हतं. त्या फोनवरून त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या हॉलपासून केळवणापर्यंत सगळं ठरलं, आणि तेही त्याच बिलात होतं. बंदीवर जेव्हा जेव्हा चर्चा होते, तेव्हा ती कुणावर पडते ते आधी बघा. आजही ऐरोली-महापेच्या कॉल सेंटरमध्ये फ्लोअरवर जाणाऱ्या मुलीचा मोबाइल लॉकरमध्ये, आणि काचेच्या केबिनमधल्या साहेबांचे दोन टेबलावर.

महापेला माझ्या शेवटच्या कंपनीत फेसबुक, यूट्यूब सगळं फायरवॉलने बंद केलेलं होतं. आयटीवाले फार खूश. मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं. प्रत्येकाच्या खिशात स्वतःचं इंटरनेट. कंपनीच्या स्क्रीनवर बंदी, आणि स्क्रीनच्या खाली मांडीवर दुसरा स्क्रीन. फायरवॉलची फी मात्र दरवर्षी भरली जात होती. मधोमध टेबलावर ठेवायचा उपायही इथे चालत नाही, कारण बोटांनी केलेल्या गप्पा शेजारच्याला ऐकू येत नाहीत आणि बिल कंपनीला येत नाही.

आणि खरं सांगू का, मालकांना वेळेची काळजी म्हणतात तितकी नसते. वेळ काय, चहाच्या टपरीवरही जातो. भीती असते ती माणूस लिहील काय याची. विषयांतर होतंय, पण हे आपल्याच जिल्ह्यातलं आहे. २०१२ चा नोव्हेंबर, पालघर, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. मुंबई बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, दोघींना अटक झाली. लाइक केलं म्हणून अटक! ज्या कलमाचा त्यात आधार घेतला ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्दच केलं. पण तुरुंगाची भीती गेली तरी नोकरीची राहते. राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नियम काढले: खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, सरकारी धोरणावर टीका करू नका. माझे सरकारी खात्यातले एक मित्र तेव्हापासून फक्त सूर्यास्ताचे फोटो टाकतात. तेही पावसाळ्यात नाही, कारण खड्डे दिसतात.

हं, चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. कार्यवाह, तुम्ही बुधवारी अकरा वीसला... जाऊ द्या.

तर मूळ मुद्दा, पटापट. चालू द्यावं का? टेबलावरच्या कामात, हो. रबाळे-तुर्भ्याच्या केमिकल कारखान्यात, क्रेनवर, ड्रायव्हरच्या हातात, ऑपरेशन थिएटरात, नाही, आणि त्यावर चर्चाही नको. ग्राहकांचे खातेक्रमांक दिसतात त्या फ्लोअरवरही फोन बाहेर राहणं मला पटतं. मात्र तिथे घरच्यांना एक लँडलाइन नंबर द्या, जो खरोखर उचलला जाईल आणि निरोप दोन मिनिटांत त्या बाईपर्यंत जाईल. पाळणाघरातून मूल तापलंय म्हणून आलेला फोन चार तासांनी लॉकरमध्ये सापडता कामा नये.

टेबलावरच्या कामात हो का? २००९ साली मेलबर्न विद्यापीठाच्या ब्रेंट कोकर यांनी असं मांडलं, की कामाच्या वेळेच्या वीस टक्क्यांच्या आत मन रमवायला इंटरनेट बघणारे लोक, न बघणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त काम करतात. हा आकडा मी छातीवर लावून फिरणार नाही. मुळात चटपटीत असलेली माणसंच थोडं इकडेतिकडे बघत असतील, हेही शक्य आहे. त्याच वर्षी सोफी लेरॉय यांचा अभ्यास आला, तो उलट बाजूने बोलतो: एक काम अर्धवट टाकून दुसऱ्यात गेलात, तर मनाचा एक तुकडा पहिल्यातच राहतो. दोन्ही एकत्र वाचा. वीस मिनिटं सलग फेसबुक बघणारा माणूस मला चालतो. दर तीन मिनिटांनी टुंग वाजल्यावर मान वळवणारा नाही चालत, मग ते टुंग मावशीचं असो की मॅनेजरचं.

आणि मॅनेजरचंच जास्त असतं! लोकलच्या ग्रुपबद्दल नंतर येतो म्हणालो होतो ते इथे. स्टेशन न येणारा ग्रुप कंपनीनेच काढलाय. रात्री साडेदहाला ‘टीम, उद्याचं प्रेझेंटेशन’, त्याखाली निळ्या खुणा, आणि बघून उत्तर दिलं नाही तर सकाळी चेहरा. कारखाना कायद्याने १९४८ साली पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती दिली. त्या अर्ध्या तासात मुकादम घरी येऊन बसेल अशी कल्पना कुणी केली नव्हती. फ्रान्सने २०१७ पासून पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना यावर कामगारांशी बोलणी करायला लावली. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-मेसेजला उत्तर न देण्याच्या हक्कासाठी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून कायद्याची वाट न बघता माझं कंपन्यांना एवढंच म्हणणं: ऑफिसात मावशीचा मेसेज नको असेल, तर घरी तुमचाही नको. दोन्ही बंद किंवा दोन्ही चालू. एकाच बाजूचं कुलूप मी वागळे इस्टेटमध्ये बघितलंय.

दुसरी चिठ्ठी. शेवटचं. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर तुम्ही काय बघता हे कंपनीला दिसू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा मूलभूत हक्क मानला, ते खरं. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मालकाला मोकळीक आहे: नोकरीच्या कामासाठी, किंवा कंपनीची गुपितं फुटू नयेत म्हणून, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरता येते. तेव्हा इथे जे तरुण नोकरदार आलेत, आणि मला चारपाच तरी दिसतायत, त्यांनी सोमवारी एचआरला जाऊन विचारा: माझ्या मशीनवर काय काय नोंदलं जातं, ते कोण बघतं, आणि केबिनमधल्या मशीनवरही तेच नोंदलं जातं का? तोंडी उत्तर देतील. लेखी मागा.