ऊन कुठल्या बाजूला होतं?

कादंबरी मोठ्या प्रश्नांवर क्वचितच अडते. पात्रांची दुःखं, त्यांचे हेवेदावे, शेवट कसा करायचा, हे सगळं डोक्यात कधीचं घोळत असतं. सकाळी लिहायला बसावं, नायिकेला पुलावर आणून उभं करावं, आणि पेन थबकतं. या पुलाला कठडा आहे का? असला तर केवढा? वाकल्याशिवाय तिला पाणी दिसेल?

मग शोधाशोध सुरू. जुने नकाशे, गॅझेटियर, एका संदर्भातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. दुपार उलटते, पान कोरं ते कोरंच. टंगळमंगळ करायची तर संशोधनाइतकी प्रतिष्ठित सोय दुसरी नाही. घरातली माणसंसुद्धा, काम चाललंय म्हणून, दार हळूच ओढून घेतात.

[दृश्य : उघडी वही, पेन्सिलीने काढलेला आराखडा]

'युद्ध आणि शांती' लिहिताना टॉलस्टॉयने नेपोलियनच्या रशियावरच्या 1812 च्या स्वारीचे इतिहास, पत्रं, आठवणी असं बरंच काही वाचून काढलं होतं. तरी 1867 साली तो मॉस्कोजवळच्या बोरोदिनोला गेला आणि त्या युद्धातल्या मोठ्या लढाईचं मैदान स्वतः पालथं घातलं. वहीत आराखडा काढला. त्यात क्षितिजाची रेघ होती, गावांची नावं होती आणि सूर्य कुठून कुठे सरकतो तेही होतं.

सूर्याची ही नोंद मला फार मोलाची वाटते. सैन्य किती, तोफा किती, हे पुस्तकात सापडतं. पण नेपोलियनची फौज पश्चिमेकडून चालून आली होती, म्हणजे सकाळचं ऊन फ्रेंच शिपायांच्या तोंडावर आणि रशियनांच्या पाठीवर. कोणाचे डोळे दिपले, कोणाला समोरचं स्वच्छ दिसलं, हे त्या मैदानावर उभं राहिलं की कळतं. तेही 55 वर्षांनंतर.

म्हणून प्रत्येक ठिकाणी गेलंच पाहिजे असं मात्र नाही. ब्रॅम स्टोकरने आज रोमानियात असलेल्या ट्रान्सिल्व्हानियात पाऊलही ठेवलं नव्हतं. 'ड्रॅक्युला'तला तो मुलूख त्याने पुस्तकांतून उभा केला. तो गेला इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीला, 1890 च्या उन्हाळ्यात. तिथल्या थडग्यांवरची नावं उतरवून घेतली, तटरक्षकांशी गप्पा मारल्या. 1885 मध्ये नार्वाहून आलेलं 'दिमित्री' नावाचं रशियन जहाज त्या किनाऱ्यावर फुटलं होतं. कादंबरीत ते 'डिमीटर' होऊन वार्नाहून निघतं. आता गंमत बघा, लोकांच्या लक्षात राहिला तो न पाहिलेल्या डोंगरातला वाडा. मला विचाराल तर व्हिटबीची पानं जास्त अंगावर येतात.

[दृश्य : धावत्या रेल्वेची खिडकी]

प्रवासात मी फोटो कमी काढतो. फोटोत चढ हमखास सपाट दिसतो. दम कुठे लागला, सोबतचा माणूस कुठल्या वळणावर बोलायचा थांबला, हे वहीतच लिहावं लागतं. त्यातही वास सगळ्यात आधी. नाक फार लवकर सरावतं. थोडा वेळ गेला की तो वास आपल्यापुरता नाहीसा होतो. नावं आणि तारखा काय, घरी येऊनही सापडतात.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टखात्यात नोकरीला होता. कामासाठी सतत फिरती. हा पठ्ठ्या रेल्वेच्या डब्यात मांडीवर फळी घेऊन पेन्सिलीने कादंबऱ्या लिहायचा आणि बायको नंतर त्याच्या स्वच्छ प्रती करायची. घड्याळ समोर ठेवून पाव तासाला 250 शब्द, हा त्याचा शिरस्ता. त्याच्या मृत्यूनंतर, 1883 मध्ये आत्मचरित्र आलं, त्यात हे सगळं होतं, आणि अनेकांनी नाकं मुरडली. मी मुरडत नाही. मला हेवा वाटतो.

परत आल्यावर बहुतेक टिपणं बाजूलाच पडतात. पडू द्यावीत. पंचाईत होते ती एखादं टिपण कथेच्या आडवं येतं तेव्हा. प्रसंगाला ऊन तोंडावर हवं असतं, आणि प्रत्यक्षात ते पाठीवर होतं. घडलेल्या लढाईची वेळ मी बदलत नाही, दिशाही नाही. पात्रालाच उचलून पलीकडच्या फौजेत नेतो. मग तो तिकडे पोचला कसा, हे सांगण्यासाठी मागची प्रकरणं पुन्हा लिहायला घ्यावी लागतात.