कड

[दृश्य : अंधारी खोली, बाजूनं येणारा तिरका उजेड. प्लायची उघडी कड. तिच्यावरून सावकाश फिरणारा अंगठा.]

हा प्लाय आहे, १८ एमएमचा. उजेड असा बाजूनं पडला की त्याचे थर एकेक करून मोजता येतात. कापताना सुटलेली कुसळं अजून तशीच आहेत. त्यांच्या शेजारी शिसपेन्सिलीनं लिहिलेलं माप, आणि त्याखाली वाळून पिवळा पडलेला फेविकॉलचा ओघळ.

या कडेपासून दोन बोटं आत गेलं, की भोर घाट सुरू होतो.

[दृश्य : कॅमेरा वर येतो. कातळ, बोगद्याचं तोंड, कमानींचा पूल. पुलावरून तीन डब्यांची गाडी. फक्त रुळांचा आवाज.]

कर्जत. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचं घर, वरच्या मजल्यावरची १० बाय १२ ची खोली. काका मध्य रेल्वेत गार्ड होते. घाट किती वेळा चढले, किती वेळा उतरले, त्याची मोजदाद त्यांनी ठेवलेली नाही. निवृत्तीनंतर सात वर्षं ते या खोलीत हा घाट बांधताहेत, छोट्या रेल्वेचं मॉडेल म्हणून.

प्रमाण १:८७. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. या मापानं खरा एक किलोमीटर इथे साडेअकरा मीटरचा होतो. अख्खा घाट मांडायचा तर पावणेतीनशे मीटरच्याही वर लांबी लागली असती. म्हणून काकांनी घाटाचा एकच तुकडा निवडला, आणि तोही असा, जो आज कुणालाच पाहता येत नाही. खंडाळ्याच्या अलीकडचं रिव्हर्सिंग स्टेशन.

[दृश्य : भिंतीवर लावलेला, हातानं काढलेला नकाशा. इंग्रजी 'व्ही' सारखी मार्गाची रेघ.]

हे समजल्याशिवाय पुढचं काम समजणार नाही, म्हणून थोडं थांबू या.

भोर घाटातल्या रेल्वेचं काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झालं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. २५ बोगदे, ८ मोठे पूल. मधेच कंत्राट बदललं. सॉलोमन ट्रेडवेल नावाचे कंत्राटदार १८५९ साली कामावर आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी, अ‍ॅलिस ट्रेडवेल, यांनी ते कंत्राट सोडलं नाही. सुरुंग, बोगदे, हजारो मजूर, सगळं त्यांच्या नावावर पुढे चाललं आणि १८६३ साली घाट खुला झाला.

एका ठिकाणी मात्र डोंगरानं अभियंत्यांना जागाच दिली नाही. पुढे सरळ कडा, आणि रूळ वळवून घ्यायला वाव नाही. मग गाडी कड्याच्या टोकापर्यंत आणायची आणि थांबवायची. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं, आणि गाडीचं शेपूट तोंड करून उरलेला चढ चढायचा. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि हे स्टेशन बंद पडलं. काकांच्या आजोबांनी ते चालू असलेलं पाहिलं होतं. आज त्याच परिसरातून एक्स्प्रेस वे जातो.

[दृश्य : मॉडेलवरचं स्टेशन. शेवटच्या रुळाच्या पुढे गाडी अडवणारा बफर. त्याच्या पुढे काही नाही, थेट प्लायची कड.]

म्हणजे कड्याच्या टोकावर थांबणाऱ्या गाडीची ही गोष्ट. आणि त्या गोष्टीचा कडा कुठे संपतो, तर अशा उघड्या, कुसळं सुटलेल्या फळीत.

रेल्वेची मॉडेल्स करणारे बहुतेक जण इथेच थांबतात. रूळ झाले, वायरिंग झालं, डोंगर झाला, गाडी धावली. कड राहते. महिना जातो, वर्षं जातात, कड राहतेच. पाहणारा येतो, वाकतो, आणि डोंगर पाहता पाहता त्याची नजर खाली घसरून प्लायवर येते. तिथे डोंगर मोडतो आणि टेबल दिसायला लागतं. सात वर्षांचं काम त्या १८ एमएमच्या पट्टीपाशी सांडून जातं. कड म्हणजे उरलेलं काम नव्हे. डोंगर जिथे कापला गेला, ती जागा म्हणजे कड, आणि कापलेली जागा कोरीव नसेल तर डोंगर खरा वाटत नाही.

[दृश्य : जमिनीवर पसरलेली हार्डबोर्डची शीट. मिस्त्री गुडघ्यावर बसून मापं टाकताहेत.]

सांगाड्याचं काम आम्ही पोचण्याआधीच झालं होतं. हे ऑक्टोबरातले चार दिवस आहेत, पाऊस थांबल्यानंतरचे.

कड झाकायला तिच्यासमोर एक पट्टी लावतात. छंदातले लोक या पट्टीला फेशिया म्हणतात. मिस्त्री म्हणतात दर्शनी पट्टी. मला मिस्त्रींचा शब्द जास्त आवडला. त्यात तिचं काम सांगितलेलं आहे.

मागच्या वेळी ही पट्टी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची लावली होती. कर्जतचा पाऊस तिला मानवला नाही. खालची कड फुगून खारीसारखी सुटली. या वेळी ३ एमएमचा हार्डबोर्ड. एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला जाळीचा ठसा. शीट ८ बाय ४ ची. तिच्यातून १६ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या निघतात, म्हणजे २४ फूट. खोलीतली कड २२ फूट. दोन फूट हाताशी राहतात, आणि मिस्त्री म्हणतात तेवढे लागतातच.

[दृश्य : पट्टी डोंगरासमोर उभी धरलेली. काका मागून हात घालून पेन्सिल फिरवताहेत. पट्टीच्या मागे फक्त बोटांची हालचाल दिसते.]

हे पाहा.

पट्टी आधी उंच ठेवायची, डोंगर झाकेल एवढी. मग मागच्या बाजूनं डोंगराच्या अंगाला पेन्सिल लावून रेघ ओढायची. जिथे हात पोचत नाही तिथे पुठ्ठा कापून माप घ्यायचं. पट्टी खाली उतरवली, की तिच्या पाठीवर ही रेघ मिळते.

[दृश्य : रेघेचा जवळून शॉट. चढते, सपाट होते, एकदम दरीत उतरते, पुन्हा वर येते.]

रेल्वेचे अभियंते मार्ग आखताना अशीच एक रेघ काढतात. एल सेक्शन म्हणतात तिला, उभा छेद. जमीन कुठे चढते, कुठे उतरते, भराव कुठे, पूल कुठे, सगळं त्या एका रेघेत असतं. १८५० च्या दशकात घाटाची पाहणी झाली तेव्हा डोंगर आधी अशा रेघांमध्येच कागदावर उतरला होता. काकांनी ही पट्टी उजेडासमोर धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

[दृश्य : काका आणि पट्टी. निवेदन नाही.]

आता कापणं.

"मिस्त्री, रेघेवर नका जाऊ. रेघ ठेवा."

"काका, दोन सूत वर ठेवतो. घासून रेघेवर येऊ."

जिगसॉचं पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरच्या बाजूला टवके उडतात. म्हणून चांगली बाजू खाली आणि जाळीची बाजू वर. रेघही पाठीवरच असल्यामुळे दोन्ही गोष्टी जमून येतात. बारीक दाताचं पातं, मशीनची गती कमी. दरीच्या तळाशी वळण अगदी लहान आहे. तिथे मिस्त्री आधी ड्रिलनं भोक पाडतात, म्हणजे पात्याला वळायला जागा मिळते.

[दृश्य : जिगसॉचा आवाज. भुसा. भुशातून उमटत जाणारा डोंगर.]

मग कानस, मग पॉलिश पेपर. आधी १८० नंबर, मग ३२०. वरची धार किंचित गोल करायची, नाहीतर शर्टाची बाही अडकते. कापलेल्या धारेवर पातळ केलेला फेविकॉल दोनदा. मागच्या बाजूला प्रायमर. पावसाळ्यात पाणी शिरतं ते मागून आणि धारेतून, समोरून नाही. समोरची बाजू सगळेच रंगवतात.

[दृश्य : ओलं फडकं पांघरलेली पट्टी. रात्र. सकाळ.]

दाराजवळच्या टोकाला कड अर्धगोल वळते, त्रिज्या एक फूट. हार्डबोर्ड तसाच वळवला तर मोडतो. म्हणून जाळीच्या बाजूला ओलं फडकं घालून रात्रभर ठेवायचा. सकाळी दोघांनी मिळून हळूहळू दाबत न्यायचा, वळणाच्या दोन्ही टोकांना शिकंजे लावायचे आणि वाळू द्यायचा. घाई केली तर पट्टी मधेच कोन धरते.

[दृश्य : चार हात. पट्टी वळतेय. कुणी बोलत नाही.]

जोड दोन आले. दोन्ही सरळ भागात घेतले आणि मागून प्लायचा तुकडा चिकटवून आधार दिला. सपाट डोक्याचे छोटे स्क्रू, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, मग घासणं. बोट फिरवून जोड सापडत नाही, तोवर घासणं.

[दृश्य : पट्टी आणि डोंगर यांच्यामधली फट. नखाएवढी, कुठे बोटाएवढी.]

पट्टी बसली तरी डोंगर तिला टेकलेला नसतो. मध्ये फट राहते. प्लास्टर ऑफ पॅरिस, चाळलेली माती आणि पातळ फेविकॉल यांचा लगदा करून काका ती सुरीच्या टोकानं भरतात. माती घाटातलीच आहे, तव्यावर भाजून घेतलेली, म्हणजे किडे राहत नाहीत. चहाच्या गाळणीतून ती वरून पेरायची. मग रंगवलेला लाकडाचा भुसा, गवत म्हणून. हे गवत पट्टीच्या अगदी धारेपर्यंत आलं पाहिजे. एक सूत जरी अलीकडे थांबलं, तरी पांढरी रेघ दिसते आणि नजर तिथेच अडकते.

[दृश्य : गाळणी. पडणारी माती. संथ.]

रंगाचा प्रश्न तीन दिवस चालला. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर काळा, मातकट आणि शेवाळी असे तीन रंग लावून ते डोंगराखाली धरून पाहिले. मिस्त्रींचं म्हणणं होतं, दर्शनी पट्टीवर कातळाचे थर रंगवू, कापलेला डोंगर दिसेल. सह्याद्रीचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. कल्पना सुंदर होती आणि आम्हालाही मोह झाला. काका नाही म्हणाले. थर रंगवले तर लोक पट्टीच पाहत बसतील. पट्टीनं नजर वर पाठवायची असते.

गडद शेवाळी ठरला, मॅट, कारण चकचकीत रंगात दिव्याचं प्रतिबिंब पडतं. रंगाचे तीन हात, आणि प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर. डिस्टेंपर नाही, ऑईल पेंट. या कडेवर माणसं हात टेकणार आहेत.

[दृश्य : रोलर. प्लायचा रंग झाकला जातो. शेवटचा तुकडा. झाकला गेला.]

स्विच कडेवरच बसवले, पण खोलगट कप्प्यात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कमरेला लागत नाहीत. रूळ बदलायच्या प्रत्येक सांध्याचा स्विच त्या सांध्याच्या बरोबर खाली. गाडी कुठे वळणार हे पाहायला मान वळवावी लागत नाही. खाली जमिनीपर्यंत काळं कापड, वेलक्रोवर. त्याच्या मागे खोकी, तारा, ट्रान्सफॉर्मर.

आणि पुलाच्या बाजूला, कडेच्या वर, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची दोन इंची पट्टी.

[दृश्य : कपाट उघडतं. बुटांचा पुठ्ठ्याचा डबा. मऊ फडक्यात गुंडाळलेलं वाफेचं इंजिन. पुढची चाकं वेगळी.]

दीड वर्षापूर्वी हे इंजिन याच जागेवरून खाली पडलं. ते परत चाललं नाही.

[दृश्य : डबा बंद होतो.]

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलं. काका तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा नोकरीत होते. गाड्या तर पाहिल्याच, पण मुलं काचेला आणि कठड्याला नाक लावून कशी उभी राहतात, ते त्यांच्या जास्त लक्षात राहिलं. मुलाचे डोळे जिथे येतात, तिथे काय असतं? बहुतेक घरांमध्ये तिथे कडच असते.

[दृश्य : शेजारची मुलगी, चवड्यांवर उभी. हनुवटी शेवाळी पट्टीवर. डोळे रुळाच्या पातळीवर.]

गाडी कर्जतच्या बाजूनं चढतेय. या तीन मीटरच्या भिंतीवर रूळ आठ सेंटीमीटर वर जातो, बरोबर १:३७. पट्टीची वरची धार त्याच्याबरोबर चढते, दरीपाशी खाली झुकते आणि पुलाचे खांब तळापर्यंत दिसू देते. मागची फळी आता दिसत नाही.

रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी थांबली. इंजिन सुटलं. बाजूच्या रुळावरून मागे गेलं. शेवटच्या डब्याला लागलं.

[दृश्य : जोडणीचा बारीक आवाज. खिडकीतून, लांबून, घाट चढायला निघालेल्या गाडीचा भोंगा. मुलगी खिडकीकडे पाहते, मग पुन्हा रुळाकडे.]

मिस्त्री हत्यारं गोळा करताहेत. कानस, शिकंजे, पॉलिश पेपरचे वापरलेले तुकडे. जाता जाता ते कडेवरून अंगठा फिरवतात, अर्धगोलापासून सुरुवात करून पुलाच्या खालून, थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत.

भिंतीपाशी अंगठा थांबतो. भिंत ओळंब्यात नाही. पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये वर काही नाही, खाली मात्र अर्धा इंच फट.

"काका, इथे पाचर लागेल."

"रविवारी या."

"रविवारी येतो. रंग ठेवा थोडा."

[दृश्य : रंगाच्या डब्याचं झाकण. काका ते तळहातानं दाबून बसवतात.]